सुप्रभात रोज येत होतं : नेरुळच्या एका घराचं प्रकरण

समुपदेशनातलं हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. माणसं, वेळा आणि घरातले आकडे अभ्यासासाठी जुळवले आहेत. औषधं, फोनमधल्या सोयी आणि हेल्पलाइन यांची माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे.

नेरुळला सिडकोच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ७२ वर्षांचे एक गृहस्थ एकटे राहतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा, सून आणि नववीतली नात घोडबंदर रोडला कासारवडवलीत, मुलगी आणि जावई पुण्यात. मधुमेह जुना, गोळ्यांवर. घरचे त्यांना बाबा म्हणतात, इथेही तेच म्हणू.

एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला दूध आणायला उतरताना बाबा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले आणि त्यांना उठता येईना. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते, शब्द अडखळत होते. त्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचाच मोबाइल घेऊन मुलाला फोन लावायचा प्रयत्न केला. फोनला पॅटर्न होता आणि बाबांना तो आठवेना. सोसायटीच्या ग्रुपवर बाबांचा नंबर होता, मुलाचा नव्हता. शेवटी काकूंनी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलावली. रुग्णालयात साखर ४६ भरली. ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात. ४६ ला माणूस गोंधळतो, त्याहून खाली बेशुद्ध पडू शकतो. मुलाला हे कळलं दुपारी पावणेतीनला, बाबांनी स्वतः फोन उघडल्यावर.

त्याच दिवशी सकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी ‘घरचे’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाबांचं सुप्रभात आलेलं होतं. गुलाबाचं फूल, खाली सुविचार. दुसऱ्या दिवशीचं त्यांनी रुग्णालयाच्या खाटेवरून पाठवलं, तेही वेळेवर. बाबांखेरीज ग्रुपमध्ये अकरा माणसं होती. त्यातल्या बाबांच्या धाकट्या बहिणीला भावाला दाखल केलं होतं हे आठवड्याने कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी केलेल्या फोनवर.

फोनमधले बाबा आणि घरातले बाबा

मुलांवर निष्काळजीपणाचा शिक्का मारून हे प्रकरण मिटत नाही. त्यांना खरोखरच वाटत होतं की बाबा मजेत आहेत, आणि तसं वाटायला कारण होतं. बाबा नाट्यसंगीताचे दर्दी. दीडशेहून जास्त सदस्यांच्या एका ग्रुपवर ते रोज संध्याकाळी एका पदाबद्दल लिहायचे: राग कोणता, कोणत्या गायकाने कोणती जागा कशी घेतली, जुन्या ध्वनिमुद्रिकेत कोणतं कडवं गाळलं आहे. खाली तीस-चाळीस प्रतिसाद. “काका, आज कान तृप्त झाले.” मुलगा कधीमधी तो ग्रुप चाळायचा आणि बाबा रमले आहेत असं समजून निर्धास्त व्हायचा.

ते रमलेले होते, हे खरंच आहे. असा ऑनलाइन आनंद खोटा किंवा कमी प्रतीचा असतो असं समजून सुरुवात केली की समोरचा माणूस पहिल्याच बैठकीत गप्प होतो. मात्र त्या दीडशे जणांपैकी एकालाही बाबा एकटे राहतात हे माहीत नव्हतं. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले होते: ओळखीपाळखीच्या वर्तुळाची उणीव आणि जिवाभावाच्या एका माणसाची उणीव. एक उणीव भरली म्हणून दुसरी भरत नाही. बाबांचं वर्तुळ पत्नीच्या मागे उलट वाढलं होतं.

आता घरातली बाजू. पोळी-भाजीची बाई दिवाळीत गावी गेली ती परत आली नाही. नवी शोधायला बाबांना संकोच वाटला. बायकोने लावलेली बाई होती, पगार काय ठरला होता तेही त्यांना नीट माहीत नव्हतं. मग सकाळी चहा-बिस्किट, दुपारी कधी खिचडी, कधी ब्रेड, रात्री दूध. डावा गुडघा दुखायचा म्हणून जिना दिवसातून एकदाच. त्यामुळे महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात जाणं बंद, तिथली कॅरमची मंडळी तुटली. भाजीवाला, पेपरवाला, वाणी या सगळ्यांशी होणारी दोन-दोन वाक्यांची देवघेवही गेली, कारण सामान ॲपवरून दारात यायला लागलं.

गोळ्या मात्र नेमाने चालू होत्या. मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड होती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावते, म्हणून ती जेवणाच्या हिशेबानेच द्यावी लागते. जेवण आटलं आणि गोळी तेवढीच राहिली की साखर धोक्याच्या खाली जाते. साखर एकदा वर आणली तरी या औषधामुळे ती काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून डॉक्टरांनी बाबांना रात्रभर ठेवून घेतलं. एवढा वैद्यकीय तपशील देण्याचं कारण असं की पोळी-भाजीची बाई गेली ही बातमी घरातल्या कोणाच्याही लेखी ‘तब्येतीची’ नव्हती. ग्रुपवर टाकण्याजोगी तर नव्हतीच. आणि ती कळली असती तर पुढचं सगळं टळण्याची शक्यता मोठी होती.

तीस दिवसांचा ताळा

समुपदेशनाच्या पहिल्या बैठकीनंतर घराला एक काम दिलं गेलं. ते कोणालाही घरी करता येतं आणि एका संध्याकाळीत होतं. ग्रुप उघडून वरच्या मेन्यूतून ‘एक्सपोर्ट चॅट’ निवडायचं, फोटो-व्हिडिओ वगळून. मजकुराची एक फाइल मिळते. त्यातले शेवटचे तीस दिवस घ्यायचे आणि प्रत्येक संदेशापुढे खूण करायची: पुढे ढकललेला मजकूर, सगळ्यांना उद्देशून शुभेच्छा, स्वतःबद्दलची नवी बातमी, किंवा एका ठरावीक माणसाला विचारलेला प्रश्न.

या घरात ३८७ संदेश निघाले. बाबांचे ६४. त्यात स्वतःबद्दलच्या बातम्या दोन: चष्म्याचा नंबर बदलला, आणि एक दिवस पाणी आलं नव्हतं. उरलेल्या ३२३ पैकी बाबांना नावाने विचारलेला प्रश्न एक: “बाबा, आधार कार्डाचा फोटो पाठवता का?” मुलीने हा ताळा केला आणि फाइल भावाला पाठवली. त्यानंतर दोघं बहीणभाऊ पाऊण तास बोलले.

ग्रुपमध्ये विचारपूस का होत नाही, याचं एक कारण जुनं आहे. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी प्रयोगातून दाखवलं की मदतीची गरज कळलेली माणसं जितकी जास्त, तितकं एकेकट्याचं पुढे येणं कमी आणि उशिरा. अकरा जणांनी सुप्रभात पाहिलं. विचारायचं काम अकरा जणांत वाटलं गेलं आणि कोणाच्याच वाट्याला आलं नाही.

दुसरं कारण फोनच्या खुणांमध्ये आहे. ग्रुपमधल्या संदेशापुढच्या दोन खुणा निळ्या होतात त्या सगळ्या सदस्यांनी वाचल्यावरच. कोणी कधी वाचलं ते पाहायचं तर संदेश दाबून धरून त्याची माहिती उघडावी लागते. बाबा ती रोज उघडत. सुनेने ७.४० ला पाहिलं, मुलीने ९.१० ला, मुलाने लोकलमध्ये असताना. त्यांच्या दृष्टीने पोरांनी आपली दखल घेतली. पोरांच्या दृष्टीने सुप्रभात आलं म्हणजे बाबा ठीक. दोन्ही बाजू एका यंत्राच्या पोचपावतीला विचारपूस समजत होत्या, आणि दोन्ही बाजूंना त्यातून रोज थोडं समाधान मिळत होतं. त्या समाधानामुळेच फोन करण्याची निकड वाटेनाशी झाली.

तिसरं कारण आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आई असताना फोन आई लावायची. रोज संध्याकाळी मुलीला, दोन-तीन दिवसांआड सुनेला. फोन स्पीकरवर, बाबा पेपर वाचता वाचता मध्येच एखादं वाक्य टाकणार. मुलगा आणि वडील एकमेकांशी थेट दहा मिनिटं फोनवर कधी बोललेच नव्हते. त्यांच्यातली सगळी ये-जा आईमार्फत व्हायची. या पिढीच्या असंख्य मराठी घरांत हेच चित्र आहे. आई गेली आणि बोलायचं कसं हेच दोघांना ठाऊक नव्हतं. ग्रुपने ती अडचण झाकली.

पहिली व्यवस्था बिघडली

रुग्णालयातून आल्यावर मुलाने तीन दिवसांत दोन गोष्टी केल्या. हॉलमध्ये मोबाइलवर दिसणारा कॅमेरा बसवला, आणि ग्रुपवर रोज तीन वेळा बाबांनी ‘जेवलो’, ‘गोळी घेतली’ असं लिहायचं ठरवलं. दोन्हीमागे काळजीच होती. दहाव्या दिवशी कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे होतं. ‘जेवलो’ हा शब्द मात्र रोज वेळेवर येत होता, चहा-बिस्किट खाल्लं तरी.

कॅमेरा काय दाखवतो? माणूस हॉलमध्ये आहे की नाही. पोटात काय गेलं ते दाखवत नाही, आणि ज्याच्या घरात लावला त्याला न विचारता लावला तर बोलण्याची उरलीसुरली वाटही बंद होते. अकरा जणांसमोर ‘गोळी घेतली’ लिहायला लावणं तर त्याहून वाईट. ज्या बहिणीसमोर आपण कर्ता भाऊ म्हणून वावरलो तिच्यासमोर रोज हजेरी द्यायची, हे बाबांना लागलं. ते बोलले नाहीत, पण नाट्यपदांवरचं लिखाण त्यांनी आठ दिवस बंद ठेवलं. घरच्यांच्या ते लक्षात आलं नाही. त्या ग्रुपमधल्या वाशीच्या एका सदस्याने मात्र थेट फोन करून “काका, तब्येत बरी आहे ना?” असं विचारलं. पहिला खरा प्रश्न परक्याकडून आला, ही गोष्ट मुलाला फार लागली आणि दुसऱ्या बैठकीला तो स्वतःहून आला.

दुसरी व्यवस्था

कॅमेरा काढला. ग्रुप आणि सुप्रभात दोन्ही ठेवले, पण सुप्रभाताचा अर्थ ठरवून घेतला: बाबांचा फोन चालू आहे आणि ते उठले आहेत, एवढंच. सात वाजेपर्यंत ते आलं नाही तर सुनेने फोन करायचा. दोनदा उचलला नाही तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना. काकूंकडे घराची जादा किल्ली, आणि दाराची आतली कडी रात्री लावायची नाही, फक्त लॅच. कडी आतून असेल तर किल्लीचा उपयोग शून्य, ही गोष्ट अनेक घरांत ऐनवेळी लक्षात येते.

त्याच दिवशी फोनची सोय झाली. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या सुरक्षा आणि आणीबाणीच्या भागात वैद्यकीय माहिती आणि तातडीचे संपर्क भरता येतात. कंपनीनुसार शब्द थोडे वेगळे असतात. तिथे मधुमेह, औषधांची नावं, मुलगा, सून आणि काकू यांचे नंबर भरले. लॉक असलेल्या फोनवरही ‘इमर्जन्सी’ दाबून ते दिसतात. आयफोनमध्ये हेच काम हेल्थ ॲपमधल्या मेडिकल आयडीत होतं, फक्त ‘लॉक असताना दाखवा’ हा पर्याय चालू ठेवावा लागतो. भरल्यावर काकूंनाच फोन देऊन उघडून पाहायला सांगितलं. ही चाचणी केल्याशिवाय सोय झाली असं धरू नये.

औषधाचा बदल डॉक्टरांनी केला, घरच्यांनी नाही. जेवण अनियमित आहे हे कळल्यावर त्यांनी ग्लिमेपिराइड थांबवून दुसरी गोळी दिली. घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे काकूंनाही दाखवलं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. सेक्टरमधल्याच एका पोळी-भाजी केंद्रातून दुपारचा डबा सुरू झाला: तीन पोळ्या, भाजी, आमटी. डबा देणारा मुलगा वर येतो आणि बाबा त्याच्याशी दोन वाक्यं बोलतात. ॲपवरून मागवता आला असता. मुद्दाम तसं केलं नाही.

फोनचं वेळापत्रक लिहून दोन्ही घरांच्या फ्रिजवर लावलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलगा, रात्री सव्वाआठला. मंगळवारी आणि रविवारी मुलगी. गुरुवारी नात, व्हिडिओवर. मुलाची पहिली सूचना होती की ऑफिसमधून येताना गाडीतून करतो. ती नाकारली. घोडबंदरच्या कोंडीत, अर्धं लक्ष सिग्नलवर ठेवून केलेल्या फोनमधला तुटकपणा समोरच्याला लगेच कळतो, आणि गाडी चालवताना फोन हा धोका वेगळाच.

“जेवलात का?” याचं उत्तर “हो” असंच येतं, म्हणून तो प्रश्न बाद केला. “डब्यात आज कोणती भाजी होती?” याला खरं उत्तर द्यावं लागतं. “आज जिना किती वेळा उतरलात?” “खाली कोण भेटलं?” हे चांगले प्रश्न. तरी दुसऱ्या आठवड्यात गाडी अडलीच. प्रश्न तेच, क्रम तोच, आणि एका बुधवारी बाबा म्हणाले, “अरे, तू गप्पा मारतोयस की पंचनामा करतोयस?”

इथे जो बदल केला तो या प्रकरणातला सगळ्यात कामाचा ठरला. फोन करणाऱ्याने सुरुवात स्वतःच्या बातमीने करायची, आणि आठवड्यातून एकदा तरी एखादी खरी अडचण बाबांपुढे ठेवायची. मुलाने सांगितलं की नात गणिताच्या क्लासला जायला तयार नाही आणि घरात रोज त्यावरून वाजतं. बाबांनी दोन प्रश्न विचारले, मत दिलं, आणि शुक्रवारी पुढे काय झालं म्हणून स्वतः फोन लावला. पत्नी गेल्यापासून त्यांनी मुलाला आपणहून केलेला हा पहिला फोन होता. ज्याला कोणी काही विचारत नाही, ज्याच्या सल्ल्यावाचून कोणाचं अडत नाही, तो माणूस ‘मी बरा आहे’ याखेरीज सांगणार तरी काय?

भेटीचा वार रविवार ठरला होता. तो टिकला नाही. कासारवडवलीहून ठाणे स्टेशन गाठायलाच तासभर, पुढे नेरुळची गाडी अर्धा तास, आणि रविवारी ट्रान्स हार्बरवर मेगाब्लॉक असला की दुपार गेली. दोन रविवार रद्द झाल्यावर वार शनिवार केला, महिन्यातून दोनदा. एकदा सगळे, एकदा मुलगा एकटा. एकट्याच्या भेटीत गोळ्यांची पाकिटं पाहायची, विजेचं बिल भरायचं आणि बाबांबरोबर खाली चालत वाण्याकडे जायचं.

नाट्यसंगीताचा ग्रुप

हा ग्रुप कमी करा असं सुनेने सुचवलं होतं. दिवसाचे चार-चार तास जातात ही तिची तक्रार बरोबर होती. तरीही ते करू नये असं ठरलं. बाबांना मान देणारी ती एकमेव जागा होती. त्याऐवजी ज्या सदस्याने फोन केला होता त्याच्यामार्फत विचारलं, जवळपास कोण राहतं? वाशी, कोपरखैरणे, ठाणे मिळून सहा जण निघाले. पहिली बैठक बाबांच्या घरी ठेवली तेव्हा दोघंच आले. बाकीच्यांनी ग्रुपवर दिलगिरी आणि फुलं पाठवली. तारीख फार आधी आणि सगळ्यांना एकत्र विचारून ठरवली होती, म्हणजे जबाबदारी पुन्हा विखुरली. पुढच्या वेळी प्रत्येकाला वेगळा फोन, आणि प्रत्येकाकडे एक काम: एकाने पेटी, एकाने ध्वनिमुद्रण, एकाने वाशीहून दोघांना सोबत आणणं. जागा विरंगुळा केंद्र, तिसरा शनिवार, संध्याकाळी पाच. पाच जण आले.

केंद्रात जायचं तर जिना आलाच. फिजिओथेरपिस्टने मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम दिले. वळणावर खुर्ची ठेवायची सूचना सोसायटीने नाकारली आणि ते योग्यच होतं, आगीच्या वेळी जिना मोकळा लागतो. भिंतीला घडी होणारं आसन लावायला परवानगी मिळाली.

चार महिन्यांनंतर

एकटेपणा मोजायची तीन प्रश्नांची छोटी पट्टी वापरात आहे: सोबतीची उणीव भासते का, वगळल्यासारखं वाटतं का, इतरांपासून तुटल्यासारखं वाटतं का. गुण ३ ते ९, जास्त म्हणजे एकटेपणा जास्त. सुरुवातीला बाबांचे ८ होते, चार महिन्यांनी ६. सोबतीच्या प्रश्नाचं उत्तर जराही बदललं नाही, आणि ते मुलांच्या फोनने बदलेल अशी अपेक्षा धरणंही चूक. पत्नीच्या जाण्याचं दुःख वेगळं आहे; त्यासाठी समुपदेशन चालू ठेवलं आहे. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो. ज्यांना जवळचं कोणीच नाही, त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची एल्डरलाइन सकाळी आठ ते रात्री आठ असते. दोन्ही नंबर बाबांच्या फ्रिजवर, वेळापत्रकाखाली आहेत.

मुलीचे फोन महिन्याला दोन-तीनदा चुकतात. ती चुकल्याचं आधी कळवते, आणि त्या दिवशीचा फोन भाऊ करतो. आत्या आता ग्रुपवर काही विचारत नाही. दर पौर्णिमेला भावाला थेट फोन करते, तो दिवस तिनेच निवडला.

न सुटलेला प्रश्न घराचा. मुलाला वाटतं बाबांनी कासारवडवलीला यावं. बाबा तयार नाहीत. आमच्या मते सध्या तरी त्यांना हलवू नये: काकू, डबेवाला, केंद्र आणि तिसरा शनिवार हे सगळं नेरुळमध्ये आहे, आणि बाविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मुलगा-सून कामाला गेल्यावर दहा तास ते पुन्हा फोनसोबतच उरतील. त्याच सेक्टरमध्ये तळमजल्यावरचं घर भाड्याने घेऊन तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याने द्यायचं, असा हिशेब आता सुरू आहे. दोन्ही भाड्यांतला फरक किती पडेल ते मुलगा एजंटकडून काढतोय, आणि घर बघायला बाबा काकूंना सोबत नेणार आहेत.